प्रथिनाचें टोक आणि तुकड्याचें टोक



प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ होय. पेशी पुष्कळदां या माळेच्या पहिल्या टोकावर ॲसिटिल नांवाचा लहानसा रासायनिक गट बसविते आणि माळेचें वजन ४२.०११ डाल्टननें वाढतें. हायड्रोजनच्या एका अणूचें वजन सुमारें १ डाल्टन असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या वाढीची कल्पना येईल. मनुष्याच्या बहुतेक प्रथिनांत हा बदल आढळतो, व प्रथिनाच्या टिकाऊपणावर त्याचा परिणाम होऊं शकतो. तो हुडकण्याचें काम संगणकावरील शोधप्रणाली करते. परंतु 'टोक' म्हणजे कोणतें टोक, हें तिला आपणच सांगावें लागतें.

प्रयोगशाळेंत बहुधा प्रथिन अखंड मोजीत नाहींत. ट्रिप्सिन हें पाचक द्रव्य घालून लायसिन व आर्जिनिन या आम्लांच्या पुढें माळ तोडतात, आणि तुकड्यांचीं वजनें मास स्पेक्ट्रोमीटरनें घेतात. मग प्रणाली तीं वजनें ज्ञात प्रथिनांच्या यादीशीं ताडून पाहते. येथेंच घोटाळा संभवतो. जुनी पोथी फाटून तिचीं पानें विखुरलीं, तर प्रत्येक पानाला पहिली ओळ असतेच. पण गणेशाचें नमन मात्र पोथीच्या पहिल्याच पानावर सांपडावयाचें. तुकड्यांचेंहि तसेंच आहे.

म्हणून मॅस्कॉट, मॅक्सक्वांट यांसारख्या प्रणालींत 'प्रथिनाचें टोक' व 'कोणत्याहि तुकड्याचें टोक' असे दोन भिन्न पर्याय असतात. ॲसिटिल गटासाठीं दुसरा पर्याय निवडला, तर प्रत्येक तुकडा एकदां साधा व एकदां जड असा दोनदां तपासला जातो. त्यामुळें निव्वळ योगायोगानें जुळणारीं उत्तरें वाढतात. आणि तीं गाळण्यासाठीं कसोटी कडक केली कीं खरीं पण दुबळीं उत्तरेंहि गळून पडतात. पहिल्या पर्यायांत ही वाढ थोड्याच तुकड्यांपुरती राहते.

बीटा-ॲक्टिन या मानवी प्रथिनाचें उदाहरण घेऊं. यादींत त्याचा आरंभ मेथिओनिननें होतो व पुढें तीन ॲस्पार्टिक आम्लें येतात. प्रत्यक्ष पेशींत तें मेथिओनिन काढून टाकलें जातें आणि ॲसिटिल गट पहिल्या ॲस्पार्टिकवर बसतो. आरंभींचें मेथिओनिन गळालेलें असूं शकतें, ही मुभा प्रणालीला नसेल, तर १७ आम्लांचा हा खरा पहिला तुकडा तिला ओळखतांच येणार नाहीं. उलट, १९ व्या आम्लापासून सुरू होणाऱ्या पुढच्या तुकड्याचें टोक ट्रिप्सिननें उघडें केलेलें असतें. त्यावर पेशीनें ॲसिटिल गट बसविला, असें म्हणणें व्यर्थ होय. कारण पेशींत तें टोकच नव्हतें.

याचा अर्थ दुसरा पर्याय निरुपयोगी आहे, असा मात्र नव्हे. तुकड्याच्या आरंभीं ग्लूटामिन आलें, तर त्यांतून अमोनिया निघून जाऊन तुकडा १७.०२७ डाल्टननें हलका होऊं शकतो. प्रयोगांत युरिया वापरला असतां कार्बामिल गट बसून तुकडा ४३.००६ डाल्टननें जडहि होतो. हे बदल तोडणीनंतर घडूं शकतात. म्हणून ते तुकड्याच्या टोकावर सांगावे.

सारांश, टोकावरील बदल माळ तुटण्यापूर्वींचा कीं नंतरचा, हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारावा. प्रणाली तो आपणांस विचारीत नाहीं. सांगितलें तेथेंच ती शोधते, आणि तेथें सांपडलेलेंच उत्तर म्हणून आपल्या हातीं देते.