थंडी ओसरताना काय पेरावे?

जानेवारी सरत आला की वऱ्हाडात भेंडीचे बी लावायची घाई होते. जमीन मात्र अजून गार असते. भेंडीला नीट उगवायला मातीत साधारण २० अंशांची ऊब लागते. गार, ओल्या मातीत बी नुसतेच फुगते आणि कोंब येण्याआधी कुजते. सकाळी बोटभर खोल माती थंडगार लागली, तर आठवडाभर थांबावे. पण फार उशीरही नको. दोडका, काकडी, कारल्याच्या वेलांवर ऊन तापेल तशी नरफुले वाढतात, आणि फळ धरते ते मादीफुलाला. म्हणून मला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा भरवशाचा वाटतो.

अकोला-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात मात्र आधी विहिरीचे पाणी बघा. पूर्णाकाठच्या या खाऱ्या पाण्याचे ओलीत केले की उन्हाळ्यात वाफ्यावर क्षारांचा पांढरा थर धरतो. पायाशी ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. श्रावणघेवडा तिथे सगळ्यांत आधी मान टाकतो. गवार मात्र क्षारही सोसते, एप्रिलचे ऊनही. खोल सोटमुळाने खालची ओल शोधते, मुळांवरच्या गाठींत हवेतले नत्र बांधते. तिकडे वावर असेल, तर पहिली ओळ गवारीचीच धरावी.