दोरीच्या गाठींतून उभं राहिलेलं अरण्य. कोण होत्या मृणालिनी मुखर्जी?

मानवत : कापसाच्या बाजारपेठेमुळे मानवतची ओळख आहे. इथे धागा म्हटलं की सरकी, गठाण आणि भाव आठवतो. पण शेतकऱ्याच्या घरात आणखी एक धागा असायचा, अंबाडीचा वाख. त्याला पीळ देऊन दावं आणि कासरा वळला जाई. अशाच जाड्याभरड्या दोरीला गाठी मारून एका कलावतीने माणसाहून उंच शिल्पं उभी केली. त्यांचं नाव मृणालिनी मुखर्जी.

निसर्गाची ओढ कुठून आली?

मृणालिनी यांचा जन्म १९४९ मध्ये मुंबईत झाला. वडील बिनोद बिहारी मुखर्जी नामवंत चित्रकार, तर आई लीला मुखर्जी शिल्पकार. बालपण देहरादूनच्या डोंगराळ परिसरात गेलं आणि सुट्ट्या शांतिनिकेतनच्या झाडांच्या सावलीत. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी चित्रकला शिकली. तिथे त्यांना के. जी. सुब्रमण्यन हे गुरू लाभले. कला आणि हस्तकला यांत भिंत नको, असं मानणारे हे शिक्षक होते. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मृणालिनी नैसर्गिक धाग्यांकडे वळल्या.

काम कसं चालायचं?

• माग नाही : ताणा-बाण्याचं विणकाम त्यांनी केलं नाही. दोरी रंगवायची आणि हाताने गाठीमागून गाठ मारत जायची, ही त्यांची पद्धत.

• आधी आराखडा नाही : कागदावर चित्र काढून त्या सुरुवात करत नसत. फांदीला जसा धुमारा फुटतो, तसा आकार काम करता करता वाढत जाई.

• वेळ भरपूर : एका मोठ्या शिल्पाला कित्येक महिने लागत. वजन पेलण्यासाठी धातूच्या सांगाड्याचा आधार घ्यावा लागे.

त्यांनी कुठल्या एका फुलाची नक्कल केली नाही. त्यांच्या शिल्पात पाकळी, खोड, वेल आणि मानवी देह एकमेकांत मिसळलेले दिसतात. 'यक्षी', 'वनश्री', 'पुष्प', 'आदिपुष्प' ही नावंच पुरेशी बोलकी आहेत. झाडाझऱ्यांत देवत्व पाहणाऱ्या जुन्या श्रद्धेशी ती नातं सांगतात. मात्र ही शिल्पं पूजेच्या मूर्ती नव्हेत.

वाद नेमका कशाचा होता?

शिल्प म्हणजे दगड, लाकूड किंवा धातू, असा समज घट्ट होता. दोरीकाम म्हणजे हस्तकला आणि तीही बाईच्या हातची, म्हणून तिला दुय्यम मान. मृणालिनी यांनी यावर वाद घालण्यापेक्षा काम वाढवलं. १९९४ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं. पुढे त्या मातीकामाकडे आणि नंतर ब्राँझकडे वळल्या. माध्यम बदललं, पण पानं-फुलांची ओढ तशीच राहिली.

दाद उशिरा मिळाली का?

जानेवारी २०१५ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन सुरू झालं. त्यानंतर काही दिवसांतच, फेब्रुवारीत, त्यांचं निधन झालं. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्या शिल्पांचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, तर २०२२ मध्ये व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कला महोत्सवातही ती झळकली. हा मान पाहायला त्या नव्हत्या.

आपल्यासाठी यात काय?

पोळ्याला लागणारी म्होरकी, वेसण आणि कासरे आता बहुतेक नायलॉनचे येतात. वाख काढणारे, दोर वळणारे हात कमी होत चालले आहेत. ती कला कुणी 'कला' म्हणून मोजली नाही, म्हणून ती जपायची आठवणही फारशी कुणाला झाली नाही. घरात एखादे आजोबा अजून दावं वळत असतील, तर त्यांच्या हाताची गाठ मोबाइलच्या कॅमेऱ्यात टिपून ठेवा आणि शिकूनही घ्या.