मेहरबाईंची आठवण

बालमित्रांनो, साडी नेसून टेनिस खेळता येईल? मेहरबाई टाटा खेळत असत! १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीत त्या भारताकडून उतरल्या होत्या.

अशा चपळ, उत्साही बाईंना रक्ताचा कर्करोग झाला आणि १९३१ साली त्या गेल्या. त्या काळी या रोगावर गुणकारी औषधच नव्हतं. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्याकडे पैशांची काय कमी? पण पैसा असूनही उपाय सापडला नाही, कारण उपाय कुणालाच ठाऊक नव्हता. म्हणून १९३२ साली त्यांनी पत्नीच्या नावाने एक न्यास काढला. कशासाठी? तर रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी! त्याच वर्षी दोराबजीही वारले. पुढे त्यांच्या न्यासाने १९४१ साली मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभारलं. 'मेमोरियल' म्हणजे स्मारक. पण हे स्मारक नुसतं बघायचं नाही, रोग्यांना बरं करणारं!

याच रुग्णालयातलं एक संशोधन ऐका. भारतातल्या बायकांमध्ये आज सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे स्तनाचा कर्करोग. तो लवकर कळला, तर उपचार सोपे होतात. पण तपासणीची यंत्रं महाग. मग शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हातांनी तपासलं तर? १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन हा अभ्यास झाला. निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी झाली. निकाल लागायला वीस वर्षं गेली! २०२१ मध्ये तो जाहीर झाला. तपासणी झालेल्यांमध्ये रोग लवकर सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र असा फरक दिसला नाही. संशोधन असंच असतं. जे दिसलं ते सांगायचं, आणि पुढे शोधत राहायचं.

तुमच्यापैकी कुणाची आजी, मावशी, कदाचित आईसुद्धा या आजाराने गेली असेल. तिची आठवण आली की रडू येतं ना? येऊ द्या. आणि मग आईबाबांशी बोला. तिच्या वर्षश्राद्धाला किंवा वाढदिवसाला थोडी रक्कम कर्करोगाच्या संशोधनासाठी देता येईल. रक्कम लहान असली तरी चालेल.

पालकहो, एक विनंती तुम्हालाही. हा शब्द घरात कुजबुजत उच्चारू नका. लाजेपायी गाठ लपवली जाते आणि मोलाचे महिने निघून जातात. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पण प्रत्येक गाठ डॉक्टरांना दाखवायलाच हवी.

तेव्हा मुलांनो, आज शाळेतून आलात की आईला विचारा, "आई, तू तपासणी केलीस का गं?"