घरविक्रीतील आप्त मध्यस्थ

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांच्या हिंगोली जिल्ह्यात, नोकरीनिमित्त पुणे किंवा हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांची घरे गावात कुलूपबंद आढळतात. माळवद गळू लागले, भिंत खचली, की घर विकण्याचा विचार होतो. अशा वेळी काम सोपविले जाते ते गावातील चुलतभावाकडे, मेहुण्याकडे किंवा बालमित्राकडे. तो गिऱ्हाईक शोधतो, बैठक बसवितो, इसार घेतो आणि खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात साक्षीदार म्हणूनही उभा राहतो. त्याला दलाल म्हटलेले कोणासच रुचत नाही.

कायद्याच्या दृष्टीने मात्र तो मालकाचा अभिकर्ता, म्हणजे मालकाच्या वतीने व्यवहार करणारी व्यक्ती असतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १८५ नुसार अभिकर्ता नेमण्यास मोबदल्याची आवश्यकता नाही. म्हणजेच "मी एक रुपयाही घेतला नाही" असे म्हणून आप्तास जबाबदारीतून मुक्त होता येत नाही. मागणी होताच हिशेब देणे (कलम २१३) हे त्याचेही कर्तव्य आहे. घरचा माणूस म्हणून इसाराचा हिशेब मागण्याचा संकोच वाटतो खरा. पण पुढे कोर्टकचेरीपर्यंत जाणारे कलह पुष्कळदा या संकोचातूनच निर्माण होतात.

मध्यस्थालाच घर हवे असेल तर काय? ग्रामीण भागात हे वारंवार घडते, कारण शेजारची जागा भाऊबंदालाच सोयीची असते. त्यात गैर काही नाही. मात्र त्याने ते उघडपणे सांगून मालकाची संमती घेतली पाहिजे. कलम २१५ खालील उदाहरण नेमके याच प्रसंगाचे आहे. मालमत्ता विकण्यास सांगितलेला अभिकर्ता तिसऱ्याच्या नावाने ती स्वतः विकत घेतो. त्याने महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपविली, अथवा व्यवहार आपल्या तोट्याचा झाला, असे मालकाने दाखविल्यास त्यास ती विक्री नाकारता येते. दुसऱ्या उदाहरणात अभिकर्त्यास त्या जमिनीत खाण सापडते. ती लपवून तो मालकाच्या संमतीने जमीन घेतो. तेथेही विक्री मान्य करावी की नाकारावी, हे मालकाच्या मर्जीवर राहते. हिंगोलीत खाणीच्या जागी नियोजित रस्ता किंवा बसथांबा कल्पिला, म्हणजे उदाहरण गावाचे होते. अभिकर्त्याने मालकास न कळविता परस्पर मिळविलेला लाभही मालकास कलम २१६ अन्वये मागता येतो. खरेदीदाराकडून गुपचूप घेतलेली दलाली विसंबून पचविता येईल असे कोणी समजू नये.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये दलालांना नोंदणी बंधनकारक झाली आणि महाराष्ट्रात २०२३ पासून त्यांच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आली. तथापि ही नोंदणी नोंदणीकृत गृहप्रकल्पांतील विक्रीसंबंधी आहे. गावठाणातील जुने घर विकून देणारा मेहुणा त्या कक्षेत येत नाही. त्याच्या बाबतीत मालकाचा आधार म्हणजे १८७२ चा जुना कायदाच.

दूरस्थ मालक पुष्कळदा आप्तास मुखत्यारपत्र देतो. येथे शासनाने नात्याला काही स्थान दिले आहे: विक्रीचा अधिकार देणाऱ्या विनामोबदला मुखत्यारपत्रावर, ते जवळच्या नातलगास दिलेले नसल्यास, महाराष्ट्रात खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क आकारले जाते. मित्राला मुखत्यार करणाऱ्यांनी हे आधी पाहावे. केवळ मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय मालकाच्या मृत्यूबरोबर असा अधिकार सामान्यतः संपतो. वृद्ध वडिलांच्या मुखत्यारपत्रावर त्यांच्या पश्चात केलेली विक्री म्हणूनच वादात सापडते.

इसारपावती लिहिण्यास बहुधा गावातील शिक्षक किंवा पंचायत सदस्यासच बोलाविले जाते. त्यांनी दोन कागद आवर्जून मागवावेत. पहिला मालकीचा: ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, गावठाणाचे भूमापन झाले असल्यास मिळकत पत्रिका पाहावी. दुसरा वारसांचा. घर वडिलोपार्जित असेल तर सासरी गेलेल्या बहिणींचाही त्यात हक्क असू शकतो, कारण २००५ च्या दुरुस्तीने एकत्र हिंदू कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला. मध्यस्थ हाच भाऊ असेल, तर बहिणींच्या सह्या त्याने "नंतर" घेण्याचे कबूल करणे पुरेसे धरू नये. त्या इसाराच्या दिवशीच घ्याव्यात आणि रक्कम कोणी, कोणाच्या वतीने स्वीकारली, हे पावतीत अक्षरी लिहावे.