उत्तर राखून ठेवणारा मार्गदर्शक

अकरा ते चौदा या वयातील मुलांजवळ प्रश्नांना तोटा नसतो. परंतु परीक्षेत काय लिहिले असता गुण मिळतात, हेही याच वयात त्यांना कळू लागलेले असते. या ओढाताणीत प्रश्न बहुधा मागे पडतो. अशा मुलांना सोबत करू इच्छिणाऱ्या वडीलधाऱ्याने, मग तो शिक्षक असो, शेजारचा पदवीधर असो वा गावातील ग्रंथपाल, उपक्रम निवडताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आता नर्मदापुरम्) जिल्ह्यात १९७२ साली हा विचार प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सहावी ते आठवीच्या १६ शाळांत विज्ञान प्रयोगांतून शिकविण्यास प्रारंभ केला. १९७८ पासून हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात राबविला गेला, आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने तो पुढे नेला. चार-चार मुलांच्या टोळ्या स्वतः प्रयोग करीत. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्यास मुभा असे, कारण पाठ केलेले उत्तर तेथे उपयोगी पडतच नसे. २००२ साली राज्यशासनाने कार्यक्रम बंद केला. पालकांना व अधिकाऱ्यांना उत्तर हाती देणारे पुस्तक अधिक सुरक्षित वाटावे, यात नवल नाही.

त्या धर्तीचा एक उपक्रम पाहू. मोकळ्या, सपाट जमिनीत हातभर उंचीची सरळ काठी ओळंब्याने तपासून उभी करावी. साडेअकरापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा आणि वेळ लिहावी. सर्वांत आखूड सावली केव्हा पडेल, हे मुलांना आधीच विचारावे. बहुतेक सर्वजण ‘बारा वाजता’ असे सांगतील. प्रत्यक्षात होशंगाबादेत ती वेळ, ऋतुमानाप्रमाणे, साधारणतः बारा वाजून पाच मिनिटे ते साडेबारा यांच्या दरम्यान येते.

खरी कसोटी येथे लागते, आणि ती मुलांइतकीच मार्गदर्शकाचीही असते. एखादी टोळी मुकाट्याने वहीतला आकडा खोडून तेथे बारा लिहिते. मार्गदर्शकाने मान डोलावली, तर आपल्या डोळ्यांपेक्षा ऐकीव गोष्ट मोठी, हा धडा मुले घरी नेतात. त्याने लगेच कारण सांगून टाकले, तरी फारसे निराळे घडत नाही. त्याने खोडलेला आकडा कोणता होता एवढेच विचारावे, आणि सर्व टोळ्यांचे आकडे फळ्यावर लिहावेत. ते थोडेफार भिन्न असतील; टोकाची अंधुक कड नेमकी कोठे मानावी, यावरून वाद होईल. तो होऊ द्यावा.

घड्याळ कोणत्या गावच्या सूर्याप्रमाणे लावले आहे, असे एखाद्या मुलाने विचारले, म्हणजे नकाशा काढावा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. होशंगाबाद तेथून सुमारे पाच अंश पश्चिमेस आहे, आणि एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. मुंबईत हा फरक सुमारे ३९ मिनिटांचा असतो. एवढ्याने सर्व उलगडा होत नाही. महिन्याभराने प्रयोग पुन्हा केल्यास वेळ थोडी सरकलेली आढळते. पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि तिचा कललेला आस ही त्याची कारणे आहेत. हे स्पष्टीकरण मात्र सहावीच्या वर्गात घाईने देऊ नये.

आकाश ढगाळ असेल त्या दिवशी काडेपेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी पुरेशी होते. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे जोड म्हणून वापरून त्रिकोण व चौकोन करावेत. चौकोन दाबताच कलतो, त्रिकोण कलत नाही. चौकोन ताठ करण्यास आणखी किती काड्या लागतील आणि त्या कोठे लावाव्यात, हे टोळ्यांवर सोपवावे. काम आटोपल्यावर छपराच्या कैचीकडे कोणाची दृष्टी जाते, हे मार्गदर्शकाने स्वस्थ बसून पाहावे.