सेलेनियम : अल्पमात्रेचा अंमल

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८१७ साली शोधलेले सेलेनियम हे मूलद्रव्य दीर्घकाळ विष म्हणूनच बदनाम होते. परंतु पेशींना ऑक्सिडीकरणाच्या उपद्रवापासून राखणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराचे ते अविभाज्य अंग आहे, हे १९७३ मध्ये सिद्ध झाले, आणि अवटु ग्रंथीच्या संप्रेरकास कार्यक्षम रूप देणारी विकरेही त्यावरच अवलंबून असतात, हे पुढे उमगले.

खरी साक्ष मात्र चीनच्या मातीने दिली. ईशान्येकडील केशान परगण्यात १९३५ साली नोंदल्या गेलेल्या, मुख्यत्वे मुले व तरुण स्त्रिया यांना ग्रासणाऱ्या हृद्रोगाच्या मुळाशी जमिनीतील सेलेनियमचे दारिद्र्य होते (एखाद्या विषाणूचीही त्यास जोड असावी, असा तज्ज्ञांचा कयास आहे), तर त्याच देशाच्या हुबेई प्रांतात, एन्शी भागात, १९६० च्या दशकात याच द्रव्याच्या अतिरेकाने लोकांचे केस व नखे गळून पडली. एकाच मुलखात दुष्काळ आणि महापूर!

आपल्या देशात पंजाबमधील नवांशहर व होशियारपूर या जिल्ह्यांतील काही गावांची जमीनही अशीच सेलेनियमने अतिरिक्त भारलेली आहे. अमेरिकी मानकानुसार प्रौढास दररोज ५५ मायक्रोग्रॅम पुरेसे, व ४०० ही कमाल मर्यादा. सबब वैद्यकीय सल्ल्यावाचून याच्या गोळ्या घेऊ नयेत.