पूल ओलांडताना नुसते हात जोडा!

वाशीमहून हिंगोलीकडे गाडी निघाली की वाटेत पैनगंगा येते. चाकांचा आवाज एकदम बदलतो, मुलं खिडकीकडे धावतात अन् आपला हात नकळत पर्समधल्या सुट्ट्या पैशांकडे जातो. नदी ओलांडताना तिला काहीतरी वाहावं, हे आपण आजीकडून शिकलो. पण ज्या पुलावरून जातो, त्याचा विचार कधी केलाय, भगिनींनो?

पैनगंगा ही एके काळी वऱ्हाड आणि निजामाचा मुलूख यांच्यामधली हद्द. पूर्णेहून हिंगोलीपर्यंत रेल्वे १९१२ साली आली. पुढे वाशीम-अकोल्याशी रूळ जोडले गेले ते स्वातंत्र्यानंतर. तेही मीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांत एकच मीटर अंतर. २००८ साली पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉड गेज झाला आणि हे अंतर १.६७६ मीटर झालं. गाड्या जड झाल्या, वेगही वाढला. म्हणजे पुलांची काळजीही वाढलीच.

पुलाचा खरा शत्रू असतो तळाशी. पुराचं पाणी खांबाच्या पायाजवळची वाळू-माती उकरून नेतं. वरून मात्र सगळं धडधाकट दिसतं. म्हणून पायाभोवती दगड रचतात. खांबावर धोक्याच्या पातळीची खूण रंगवलेली असते. पावसाळा सरला की अधिकारी पुलाची तपासणी करतात. लोखंडी गर्डर उन्हाने वाढतो. तीस मीटरचा गर्डर तीस अंशांच्या फरकाने सुमारे एक सेंटिमीटर लांबतो! त्याला सरकता यावं म्हणून टेकूची जागा साफ करून तिथे ग्रीस भरतात. गंज खरवडून रंग देणं तर आलंच. आपल्या दारं-खिडक्यांसारखंच म्हणा ना!

आणि हे सगळं करतं कोण? रोज पायी चालत रुळाची एकेक पकड तपासणारा कीमन. पावसाळी रात्री हातात दिवा घेऊन फिरणारा गस्तवाला. रूळ खचलेला दिसला, तर तो बाराशे मीटर अलीकडे रुळावर फटाके बांधतो. चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर सावध होतो. या कामाचं मोल काय, ते ४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री कळलं. मध्य प्रदेशात हरद्याजवळ माचक नदीच्या पुरामुळे छोट्या पुलाजवळची रुळाखालची भर वाहून गेली आणि मुंबईहून निघालेली कामायनी एक्स्प्रेस घसरली. समोरून आलेली जनता एक्स्प्रेसही तिथेच घसरली. कितीतरी घरं उजाड झाली.

आता मुद्द्याचं. पूल रिकामा नसतो. गाडी येताच काम करणारी माणसं खांबालगतच्या चिमुकल्या ओट्यावर अंग चोरून उभी राहतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नायगाव-भाईंदर खाडीच्या पुलावरून एक तरुण चालत जात होता. धावत्या लोकलमधून कुणीतरी फेकलेला नारळ लागून तो दगावला. टाकणाऱ्याच्या मनात भक्तीच असेल. पण एका घरचा माणूस गेला.

तेव्हा नारळ, निर्माल्याची पिशवी, नाणं, काहीही खिडकीबाहेर फेकू नका. निर्माल्य कुंडीत घाला, ते खत होईल. आजीच्या वेळी तांब्याचे पैसे होते; आताची बरीच नाणी स्टीलची. त्यांनी नदीचं काय भलं होणार? पैनगंगा आली की मुलांसह नुसते हात जोडा. एक नमस्कार नदीला, दुसरा पुलावरच्या त्या माणसाला. घर नीट चाललेलं असलं की करणारीची आठवण कुणाला होत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?